भिंतीपलीकडचा प्रेक्षक

इशाची नमाज झाली, अम्मीने बीपीची गोळी घेतली आणि वीज गेलेली नसली, की आमच्या घरात सिनेमा सुरू होतो. टीव्ही बिघडून बरीच वर्षं झाली. मधल्या खोलीत धानाची पोती एकावर एक रचलेली असतात, त्यांच्यावर लॅपटॉप ठेवतो. लॅपटॉपचा आवाज फाटतो म्हणून अब्बांच्या वेळचा एक स्पीकर जोडलेला आहे. अम्मी खाटेवर, मी खाली चटईवर. सिनेमा एका बैठकीत संपेलच असं नाही. चामोर्शीची वीज आणि अम्मीची झोप या दोघींच्या मर्जीवर ते असतं. कधी कधी एकच सिनेमा आम्ही तीन रात्री पाहतो.

मी लिहून पोट भरतो. भाषांतरं, लेख, कुणाच्या भाषणाचा मजकूर, कुणाच्या संस्थेचा अहवाल. शब्दाला इतके पैसे असा हिशेब, आणि ते पैसे नेहमी पुढच्या महिन्यात येतात. गावात कुणी भेटलं की विचारतं, "काय करून राहिला सध्या?" मी म्हणतो, "लिहितो." "ते ठीक आहे, पण कामधंदा?" दिवसभर लॅपटॉपवर इतरांची वाक्यं सरळ करून झाली की रात्री त्याच पडद्यावर असं काहीतरी पाहावंसं वाटतं, ज्याचे मला कुणी पैसे देणार नाही. जुने सिनेमे त्या कामाचे आहेत. नव्या सिनेमावर लिहायला कुणी ना कुणी सांगतं. १९३६ च्या सिनेमावर आठशे शब्द उद्या सकाळपर्यंत द्या, असं मला आजवर कुणी म्हटलेलं नाही.

ही सवय लागली पुण्यात. तिथे काही वर्षं होतो. खोली शोधताना फोनवर सगळं ठरायचं, भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ. मग नाव विचारायचे. मग खोली "कालच गेली" असायची. त्या दिवसांत एका मित्राने 'गर्म हवा' दाखवला. एम. एस. सथ्यूंचा हा सिनेमा दंगे होतील या भीतीने सेन्सॉरमध्ये अडकून पडला होता, १९७४ मध्ये लोकांपुढे आला. फाळणीनंतरचं आग्रा आणि पाकिस्तानला जायला तयार नसलेला जोड्यांचा कारखानदार सलीम मिर्झा. हवेली हातची जाते आणि तो भाड्याचं घर शोधत फिरतो. बलराज साहनींचा चेहरा त्या दारांपुढे जसा होतो, तो मी ओळखला. रडलो वगैरे नाही. उलट जरा बरंच वाटलं. साहनी हे काम संपवून एप्रिल १९७३ मध्ये गेले, प्रदर्शित झालेला सिनेमा त्यांना पाहायला मिळाला नाही.

अब्बा गेल्यावर मी चामोर्शीला परत आलो, आणि 'गर्म हवा' अम्मीलाही दाखवला. तिला सलीम मिर्झाशी फार घेणंदेणं नव्हतं. तिचं लक्ष म्हातारीकडे. हवेली सोडायच्या दिवशी ती आजी लपून बसते, तिला उचलून न्यावं लागतं. शेवटी मरायच्या वेळी तिला पालखीत घालून त्याच हवेलीत आणतात. अम्मीने तिथे सिनेमा थांबवायला लावला. उठली, सांदवाडीचं दार लावलं आहे का ते बघून आली, आणि म्हणाली, "चला आगे." तिच्या मनात काय आलं ते मी विचारलं नाही.

आता भिंतीपलीकडच्या काकांबद्दल सांगायला हवं.

आमची आणि त्यांची सांदवाडी एकमेकींना लागून. मध्ये कमरेइतकी मातीची भिंत, तिला एका जागी पावसाने खिंडार पडलेलं. काका धान पिकवतात, भजनी मंडळात पेटी वाजवतात आणि तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत कामं करायचे. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडईचा हंगाम सुरू होतो आणि गावोगाव रात्रभर नाटकं होतात. वडसा ही त्या नाटक कंपन्यांची राजधानी. २०२३ मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा ही रंगभूमी अस्तित्वात आहे हे पुण्या-मुंबईच्या बऱ्याच लोकांना कळलं. काका तितके मोठे नट नव्हते. पण एका नाटकात ते मौलवी झाले होते, आणि त्यासाठी अब्बांची टोपी मागून नेली होती. नाटक संपल्यावर काकूंनी ती धुऊन, इस्त्री करून परत पाठवली. अम्मी हे अजून सांगते. इस्त्रीचं विशेष, कारण तेव्हा गल्लीत इस्त्री एकाच घरी होती आणि ते घर काकांचं नव्हतं.

तर या काकांच्या फोनवरून गेल्या वर्षी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर आला. आमच्या लोकांबद्दलचा. कुठल्यातरी दूरच्या शहरातली गोष्ट, खाली 'पुढे पाठवा'. तसे मजकूर मी रोज बघतो आणि सोडून देतो. पण काकांचं नाव त्याच्यावर बघून माझं डोकं फिरलं. लिहिणं हा माझा धंदा, त्यामुळे उत्तर लांबलचक झालं आणि बरंच धारदार. ते टाकलं आणि ग्रुप सोडला. त्यानंतर दहा महिने आम्ही बोललो नाही. रोवणी झाली, कापणी झाली, भिंतीच्या खिंडारातून एकमेकांच्या कोंबड्या ये-जा करत राहिल्या, आम्ही दोघं मान वळवून. ईदला शिरखुर्मा पाठवायचा नाही, असं मी अम्मीला बजावलं होतं. तिने मान हलवली होती.

त्या काळात मी प्रभातचे सिनेमे पाहायला घेतले. यूट्यूबवर त्यांतले काही आहेत. प्रती खराब. पडद्यावर पाऊस पडल्यासारख्या रेघा, मध्येच आवाज बुडतो. पुण्यात २००३ च्या जानेवारीत नायट्रेट फिल्मच्या गोदामाला आग लागली, तिच्यात प्रभातचंही बरंच जळालं. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' तर आता कुठेच मिळत नाही, तेव्हा रेघांसकट जे उरलं आहे त्यावर मी खूश आहे.

एका रात्री 'संत तुकाराम' लावला. श्रेयनामावलीत दिग्दर्शकांची नावं आली, दामले आणि फत्तेलाल. हे फत्तेलाल कोण, हे शाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं. साहेबमामा फत्तेलाल, कोल्हापूरकडचे, बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झालेले, १९२९ मध्ये प्रभात काढणाऱ्या पाच जणांपैकी एक. मुसलमान. दामल्यांच्या जोडीने त्यांनी १९३६ मध्ये 'संत तुकाराम' केला, १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर'. त्यांचा तुकाराम १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे आज जो तुकाराम उभा राहतो, तो विष्णुपंत पागनिसांचा चेहरा घेऊन येतो, आणि त्याभोवतीचं ते देहू उभं करणाऱ्यांत एक फत्तेलाल होते. आपल्याकडे मराठी मुसलमानांच्या 'योगदाना'वर परिसंवाद होतात, त्यांत मीही बोललो आहे. तिथे आपण दर वेळी शाहीर अमर शेखांपासून सुरुवात करतो. साहेबमामांचं नाव मी तरी घेतलं नव्हतं. चूक माझी.

अम्मीला देव-भक्तापेक्षा तुकारामाची बायको आवडली. गौरी नावाच्या नटीने ते काम केलं आहे, ती कंपनीत लहानसहान कामं करत वर आलेली. पोर आजारी आहे आणि नवरा टाळ कुटत बसलाय, तर ही बाई पायताण हातात घेऊन थेट विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. अम्मी खाटेवर उठून बसली. "ये औरत सच्ची है," म्हणाली. माझ्या अब्बांनी चाळीस वर्षं उधारीवर दुकान चालवलं, त्यामुळे हे मत कुठून आलं ते मला समजलं.

पुढे भजनाचा प्रसंग आला. खिडकी उघडी होती. बाहेरून आवाज आला, "आवाज वाढव ना बाबू, आयकू नाई येत."

काका खिंडारापाशी उभे होते. अंधारात किती वेळ होते ठाऊक नाही. मी काही बोललो नाही, आवाज वाढवला. अम्मीने मात्र आतूनच हाक मारली, "भाईसाब, अंदर आओ, मच्छर काटेंगे." आणि ते आले. दारात चपला काढल्या, पोत्यांना टेकून बसले. शेवटचा गरुड वैकुंठाला उडून जाईपर्यंत कुणी बोललं नाही. निघताना त्यांनी विचारलं, "कोनं बनवला म्हनते हा पिच्चर?" मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा वादाला तोंड फोडतोय. मी सिनेमा मागे नेऊन नावं दाखवली. चष्मा नव्हता, तरी वाकून वाचली. "असंन," म्हणाले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी काकूंनी खिंडारातून एक वाटी परत दिली. आमचीच वाटी. शिरखुर्म्याची. अम्मीने मान हलवली होती ती कशासाठी, ते तेव्हा कळलं.

आठवडाभराने मीच 'शेजारी' लावला. मुद्दाम लावला, नाकबूल करत नाही. १९४१ चा शांतारामांचा सिनेमा, प्रभातमधला त्यांचा शेवटचा. विश्राम बेडेकरांचं लेखन. खेड्यातले दोन जिवलग शेजारी, जिवबा आणि मिर्झा. धरण बांधायला आलेला मालक गावाची एकी फोडण्यासाठी दोघांत भांडण लावतो. शेवटी धरण फुटतं आणि दोघं एकमेकांचा हात धरून मरतात. आदल्या वर्षीच लाहोरात मुस्लिम लीगचा ठराव झाला होता, त्या हवेत हा सिनेमा आला. मिर्झा झालेत गजानन जागीरदार, जिवबा केशवराव दाते. याचाच हिंदी अवतार 'पडोसी'. त्यात हिंदू ठाकूर केला मजहर खानने आणि मिर्झा पुन्हा जागीरदारांनी. म्हणजे हिंदू नट मुसलमान, मुसलमान नट हिंदू. हे मी सांगितलं तेव्हा काका हसले. "मी बी झालो होतो ना मौलवी. तुझ्या बाची टोपी घालून." मग म्हणाले, टोपी जरा घट्ट होत होती, तिसऱ्या अंकापर्यंत डोकं दुखायचं.

धरणाच्या मालकाचा प्रसंग त्यांनी लक्ष देऊन पाहिला. आमच्याकडे वैनगंगेवर चिचडोहचं बॅरेज झालं आहे, कोनसरीला लोखंडाचा कारखाना उभा आहे, लोहखनिजाचे ट्रक रस्त्याने जातात. बाहेरून मोठं काम आलं की गावात कुणाची जमीन, कुणाला नोकरी, कुणाला मोबदला यावरून काय काय होतं, हे त्यांना सिनेमाने शिकवायची गरज नव्हती. पण शेवट त्यांना पटला नाही. "मरूनच कायले जुळते गा?" म्हणाले. "आधी नाई बोलता येत?"

मलाही त्या सिनेमात एक गोष्ट खटकते, आणि ती त्या रात्री जास्त खटकली. शांताराम सगळा दोष बाहेरून आलेल्या माणसावर टाकतात. तो आला नसता तर गाव सुखात राहिलं असतं. प्रेक्षकाला घरी जाताना बरं वाटतं. आमच्या भिंतीपाशी कुणी मालक आला नव्हता. मला वाटत होतं, काका म्हणतील, नातवाने फोन घेतला होता, चुकून गेला मजकूर. मी ते मान्य करायच्या तयारीत बसलो होतो.

मी विचारलं, "काका, तो मेसेज तुम्हीच पाठवला होता?"

"मीच पाठवला," म्हणाले. "वाचला होता. खरा वाटला."

अम्मी उठून चहा ठेवायला गेली. रात्रीचे साडेअकरा वाजले होते.

"मग मला विचारायचं होतं," मी म्हणालो.

"तू बी कुठं विचारलास? एवढं मोठं लिहिलास आन निंगून गेलास. अर्धं तर मले समजलंच नाई."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दहा महिने मी मनात जे संवाद लिहून ठेवले होते, ते सगळे दुसऱ्या कुणासाठी होते. हा माणूस, मजकूर खरा वाटला म्हणणारा, माझ्या चटईवर बसून जागीरदारांच्या मिर्झाला दाद देत होता. या दोन गोष्टी एका माणसात कशा राहतात ते मला अजून नीट समजलेलं नाही. सगळं मिटलं, असंही म्हणवत नाही. मी ग्रुपमध्ये परत गेलो नाही. त्यांनी तसलं पुन्हा काही पाठवलं का, मला ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही.

पण ते येतात. शनिवारी, भजन नसलं की. 'कुंकू' झाला, 'माणूस' झाला. 'माणूस'मधल्या पोलिसाच्या कामाला त्यांनी झाडीपट्टीच्या हिशेबाने शंभरपैकी ऐंशी गुण दिले, वीस का कापले ते सांगितलं नाही. 'गर्म हवा' दाखवू का, असं मी एकदा म्हटलं. अम्मी पटकन म्हणाली, "वो नहीं." काकांनी विचारलं, "त्याच्यात बी मरते का कोनी?" मी म्हटलं, हो, एक म्हातारी. "मंग राहू दे. ज्याच्यात कोनी मरत नाई असा लाव एखादा."

मी विचार करून 'ब्रह्मचारी' सुचवला. १९३८ चा, अत्र्यांची कथा, मास्टर विनायक दिग्दर्शक आणि नायक, सगळा हसण्याचा मामला. कुणी मरत नाही. फक्त त्यात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात गाणं म्हणतात, ज्यावरून त्या काळी महाराष्ट्रभर गदारोळ झाला होता, हे अम्मीपुढे सांगावं की नाही ते मला ठरवता येईना. काकांना मात्र ते गाणं पाठ होतं. त्यांनी अम्मीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाले, "भाभीले झोप आली असंन आज."

अम्मी म्हणाली, "मुझे कोई नींद नहीं आई."

आणि वीज गेली.