धरलेला ब्रेक

धान निघाला की भंडाऱ्यातल्या जुन्या पिकपगाड्यांना उसंत नसते. पवनी, लाखांदूर, मोहाडीकडून पोती भरायची, राईस मिलवर नाहीतर तुमसरच्या बाजारात खाली करायची. याच दिवसांत तक्रार येते, "मिस्त्री, गाडी उचलतच नाही जी. डिझेलही लय खाते." ड्रायव्हरच्या मनात नोझल, पंप, टर्बो असतात. मी बोनेट उघडण्याआधी चारही रिमजवळ तळहात नेतो, टेकवत नाही. एखादे चाक भट्टीसारखी धग मारत असेल, लायनर जळल्याचा वास येत असेल, तर इंजिन निर्दोष आहे. ब्रेक धरलाय.

पुष्कळ ठिकाणी लगेच कॅलिपर बदलतात. नवा भाग बसतो, पैसे जातात आणि गाडी पुन्हा धरते. ब्रेक कुठे धरलाय ते आधी गाडीलाच विचारावे, आणि तेही तो धरलेला असतानाच. गार झाला की तो बहुधा आपोआप सुटतो आणि पुरावा जातो.

मागच्या चाकांना ओट, म्हणजे अडसर, लावून पुढचे चाक जॅकवर घ्यायचे, खाली स्टँड द्यायचा. चाक हाताने फिरत नसेल तर कॅलिपरचा निपल पाव आटा सैल करायचा. ब्रेक ऑईलची बारीक पिचकारी उडाली आणि चाक सुटले, तर चाकाला तेलाच्या दाबानेच धरून ठेवले होते. नाही सुटले, तर पिस्टन गंजलाय किंवा कॅलिपरच्या पिना सुकल्यात. कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढायला स्प्रिंग नसते. दाबाने पिळलेले रबरी सील सरळ होताना त्याला केसभर मागे घेते. थोड्याशा गंजानेही ते काम थांबते.

दाब असेल तर पुन्हा ब्रेक धरू द्यायचा आणि या वेळी मास्टर सिलिंडरजवळचा पाइप सैल करायचा. इथे सुटला तर दोष मास्टर सिलिंडरचा, किंवा पेडलच्या रॉडला खेळच ठेवलेला नाही. इथे न सुटता निपलवरच सुटत असेल तर मधला रबरी होज आतून फुगलाय. पेडल दाबले की तेल जोराने पुढे जाते, परत यायला वाट नसते. बाहेरून होज नवाकोरा दिसतो, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही. मला तरी जुन्या गाडीत पहिला संशय त्याचाच येतो.

मागच्या ड्रमची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा चिखल, गंजलेली हँडब्रेकची केबल आणि अडकलेला व्हील सिलिंडर. 2020 च्या ऑगस्टअखेर वैनगंगेचे पाणी भंडारा शहरात शिरले, त्यात उभ्या राहिलेल्या गाड्यांचे ड्रम उघडताना हातोडी लागली होती. अशा गाडीला ओल्या लायनरवर हँडब्रेक ओढून ठेवू नये, गिअरमध्ये टाकून ओट लावावी.

ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढते. डॉट 3 ताजे असताना 205 अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरल्यावर 140 लाच उकळू शकते. धरलेल्या ब्रेकची उष्णता त्या तेलाला मिळाली तर पेडल थेट खाली जाते, आणि मागे पोत्यांचा भार असतो. ब्रेक ऑईलमध्ये कुणी इंजिन ऑईल ओतले तर सगळी रबरे फुगतात. मग सील, होज, सगळेच बदलावे लागते.

पिकपमालकांनो, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदला. आणि मिस्त्रीने कॅलिपर बदलायला सांगितला, तर चाक कुठला नट सैल केल्यावर सुटले ते आधी डोळ्यांनी पाहा.