कोणाची वही खरी?

इंदूरला आमच्या घराच्या माडीवर पाच जणांचे एक लहानसे संगणक-कार्यालय मी चालवीत असे. व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे प्रोग्रॅम लिहिणे हे आमचे काम. लिहिलेले सारे एका सामाईक फोल्डरमध्ये ठेवावयाचे. थोड्याच दिवसांत तेथे ‘अंतिम’, ‘अंतिम-नवे’, ‘हेच घ्यावे’ अशा प्रतींची गर्दी झाली. २०१२ च्या दिवाळीच्या तोंडावर एका प्रतीवर दुसरी लिहिली गेली आणि तीन दिवसांचे काम पुसले गेले. मी सर्वांदेखत आमच्यातील सर्वांत लहान मुलाला बोललो. तो डबा उचलून मुकाट्याने घरी गेला.

प्रत्येक बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला हे टिपून ठेवणारी, मागली प्रत परत काढून देणारी व्यवस्था आणावयाची, असे त्या आठवड्यात ठरले. कल्पना जुनीच, बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकिंड यांनी १९७२ साली अशी एक प्रणाली रचली होती.

माझा ओढा सबव्हर्जनकडे. तिच्यात पेढीवरील चोपडीप्रमाणे मूळ वही एकच, मधल्या संगणकावर. त्या मुलाचा आग्रह गिटचा. लिनक्सकर्ते वापरीत त्या बिटकीपरची फुकट मुभा २००५ साली गेली, तेव्हा लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट रचले. त्यात प्रत्येकाजवळ सगळ्या इतिहासासह आपापली वही असते.

“पाच वह्या झाल्यावर खरी कोणती रे?” मी विचारले.

“काका, आपण ठरवू ती. पण एक गेली तरी चार उरतील.”

आमचे दोघे दिवसभर सियागंजातील पेढ्यांवर बसून दुरुस्त्या करीत; तेथे आमच्या संगणकाशी संबंध जुळत नसे. गिटमध्ये त्यांना नोंद तेथल्या तेथे करता येणार होती. एकाच ओळीवर दोघांचा हात पडला, तर वह्या जुळविताना गिट थांबून विचारते. परस्पर एकाची ओळ पुसत नाही. मी हट्ट सोडला. त्याच्या आज्ञा शिकताना मात्र माझी पुरेवाट झाली. सबव्हर्जन मला दोन दिवसांत साधले असते, असे अजूनही वाटते.

जुन्या फाइली नव्या व्यवस्थेत चढविताना घात करणाऱ्या त्या प्रतीवरील वेळ मी प्रथमच नीट पाहिली. रात्रीचे साडेअकरा! त्या वेळी माडीवर माझ्यावाचून कोणीही नसे.

सकाळी सगळे जमल्यावर मी ते सांगितले. मुलगा खाली मान घालून हसला. पहिली नोंद मी त्याच्याच हातून करविली.