घासूनपुसून

दुर्बिणीचा आरसा घरी घडवायचा तर सुरुवात मजेची असते. सहा इंच व्यासाच्या दोन जाड काचा, मध्ये पाणी आणि कार्बोरंडमची पूड. वरची काच पुढे-मागे घासायची, मधूनच थोडी फिरवायची, आपणही टेबलाभोवती सरकत राहायचं. वरची काच खोलगट होत जाते, खालची फुगीर. खरखर ऐकू येते, करडा चिखल साचतो, प्रगती मोजताही येते. नाभीय अंतर ४८ इंच हवं असेल, तर मधोमध १.२ मिलिमीटर खोली पुरते. तेवढी झाली की आपण सगळ्यांना दुर्बिणीचं निमंत्रण देऊन मोकळे!

पुढे पूड बारीक होत जाते आणि दिसणारा फरकही. आधीच्या पुडीचा एक कण राहिला तरी ओरखडा उमटतो. म्हणून प्रत्येक टप्प्याला बादली, टेबल, अगदी नखंसुद्धा स्वच्छ करायची. शेवटी पिचच्या, म्हणजे डांबरासारख्या चिकट पदार्थाच्या, थरावर सिरियम ऑक्साइड लावून पॉलिश. तासन्‌तास हात चालतो आणि नुसत्या डोळ्यांना काही कळत नाही. बरेच आरसे इथेच टॉवेलात गुंडाळून माळ्यावर जातात.

काम असं अर्धवट सुटण्याचा दोष आपण वयाला देतो. मला वाटतं, अडचण वेगळी आहे. पन्नाशीपर्यंत आपण आपापल्या नोकरीधंद्यात मुरलेले असतो. दिवसभर लोक आपल्याला विचारून कामं करतात. संध्याकाळी काचेपुढे मात्र आपण उमेदवार. ते नवखेपण जिवावर येतं. मग ‘एखादा निवांत रविवार मिळू दे’ म्हणायचं. तो रविवार लग्नकार्यांत आणि डॉक्टरांच्या फेऱ्यांत जातो.

मला तारलं ते पिचने. काम सुरू करण्याआधी आरसा त्यावर ठेवून वर वजन ठेवावं लागतं, म्हणजे पिच आरशाचा आकार घेतो. घरी आल्याआल्या, कपडे बदलायच्या आधी, मी एवढंच करतो. चहा होईतो पिच तयार असतो. आता आरसा तसाच सोडून झोपावं, तर तो चिकटून बसेल! मग हात चालू लागतो आणि हुरूप मागाहून येतो.

खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्षेल आधी इंग्लंडमधल्या बाथ शहरात संगीत शिकवून पोट भरत. १७७३ मध्ये, पस्तिशीच्या तोंडावर, ते धातूचे आरसे घासू लागले. एकदा सोळा तास त्यांनी आरशावरून हात काढला नाही. बहीण कॅरोलाइन घास भरवत होती. १३ मार्च १७८१ रोजी स्वतः घडवलेल्या दुर्बिणीतून त्यांना युरेनस दिसला, तेव्हा ते ४२ वर्षांचे होते. जिद्द त्यांची होतीच, पण ती टिकावी अशी सोय घरात होती.

तुमच्या माळ्यावरही काही अर्धवट असेल. हुरुपाची वाट पाहू नका. ते खाली काढा, रोज दिसेल अशा जागी मांडा आणि पहिली पायरी इतकी लहान करा की ती चहाआधी उरकेल.