एक टाका जास्त

नांदेड-लातूरकडची थंडी जेमतेम दोन-अडीच महिन्यांची. तरी कुंची, मोजे आणि चिमुकला स्वेटर असल्याशिवाय बाळंतविडा सजत नाही, आणि कितीतरी जणी पहिल्यांदा सुया हातात घेतात त्या अशाच एखाद्या बाळासाठी. मग एक मोजा दुसऱ्यापेक्षा बोटभर लांब होतो, कुंची आजोबांना बसेल एवढी होते, नाहीतर स्वेटरचा गळा बाळाच्या डोक्यातून उतरतच नाही. घरात हशा पिकतो आणि विणणारी हिरमुसते. तिने हिरमुसू नये, त्या हशात खुशाल सामील व्हावं, असं मला मनापासून वाटतं. विणकामातली चूक बहुधा निस्तरता येते, आणि पुष्कळदा काहीतरी नवं हाती देऊन जाते.

गळ्याचंच बघा. शेवटचे टाके बंद करताना हात आवळला की काठ ताणत नाही. तेवढीच ओळ उसवून जरा जाड सुईने सैल बंद केली की काम झालं. किंवा खांद्याची शिवण उघडून दोन बटणं लावावीत. रडणाऱ्या बाळाला असा स्वेटर घालणं उलट सोपं जातं. याहून नवलाची चूक मोजणीची. टाके सम असतील आणि प्रत्येक ओळीत एक सुलट, एक उलट विणत गेलं, तर बाह्यांच्या टोकाला असते तशी उभ्या रेघांची, ताणणारी पट्टी तयार होते. त्यात एकच टाका जास्त पडला आणि प्रत्येक ओळ सुलटानेच सुरू केली, तर रेघा मोडतात आणि अंगभर बारीक दाणे उठतात. ही दाणेदार वीण कडेला गुंडाळत नाही, म्हणून मफलरला ती मुद्दाम घालतात.

कोणी म्हणेल, ही निष्काळजीपणाची वकिली झाली. याच भागात उदगीरला राष्ट्रध्वजाची खादी विणली जाते आणि नांदेडला मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत तिचे तिरंगे शिवले जातात. तिथे 3:2 हे प्रमाण किंवा चक्राचे 24 आरे चुकून कसं चालेल? चालणार नाहीच, चालूही नये. ध्वज सगळीकडे एकसारखा दिसावा लागतो. स्वेटरला एका बाळाला ऊब द्यायची असते. शिवाय मागावरचं कापड एकदा कापलं की कापलं. सुयांवरची वीण म्हणजे एकाच धाग्याचे एकमेकांत अडकलेले फासे, ओढले की पुन्हा लोकरच. उसवलेल्या लोकरीच्या वळ्या लडी बांधून, धुऊन, ओली टांगली की जातात. वेळ मात्र जातो, ते मान्य. आणि एक चूक हसून सोडता येत नाही: निसटलेला टाका. तो खाली धावत जातो आणि मागे शिडी पडते. क्रोशाच्या सुईने शिडीची एकेक पायरी फाशातून ओढत त्याला वर आणावं लागतं. घरात कोणी नव्याने विणत असेल तर तिला एवढी दुरुस्ती आधी शिकवा. बाकीच्या चुका तिला बिनधास्त करू द्या.