उपकाराची अपेक्षा न ठेवता

जखमी घारीला उचलायची एक रीत आहे. मागून टॉवेल टाकायचा, आधी डोकं झाकायचं, मग पंख अंगालगत मिटवून पाय पकडीत घ्यायचे. खरं भय चोचीचं नसतं, नख्यांचं असतं. डोळ्यांवर अंधार आला की तिची धडपड एकदम थांबते आणि भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘बघा, मदत करतोय हे कळतं हो मुक्या जिवाला!’ तिला तसलं काही कळलेलं नसतं. आपल्याला शिकाऱ्यानं धरलंय आणि आता आपण संपलो, एवढंच तिच्या लेखी घडत असतं. उघड्या चोचीतून धापा चालू असतात आणि तिच्या पिसांतल्या चपट्या माश्या आपल्या मनगटावर येऊन तिरप्या धावतात.

मुंबईत या कामाला हंगाम असतात. जानेवारीत संक्रांतीचा मांजा. एप्रिल-मेमध्ये उन्हानं कोसळलेले पक्षी आणि घरट्यातून पडलेली पिल्लं. पावसाळ्यात वादळी वाऱ्यानं किनाऱ्यावर आणून टाकलेला एखादा बुबी नावाचा समुद्रपक्षी, ज्याचं आयुष्य खुल्या समुद्रावर गेलेलं असतं. गव्हाणी घुबड मात्र बारमाही. दिवसा चुकून बाहेर पडलं की कावळे त्याला टोचून बेजार करतात, आणि त्यांच्या तावडीतून सुटलं तर खाली माणसं अपशकुन म्हणून हाकलायला उभी.

अशा पक्ष्यासाठी आपण करू शकतो ते फार थोडं आणि अगदी कंटाळवाणं आहे. भोकं पाडलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळाशी सुती कापड, झाकण बंद, घरातला शांत कोपरा, आणि वनखात्याला किंवा बचाव संस्थेला फोन. आपला जीव मात्र पाणी पाजायला, गोंजारायला धावतो. पक्ष्याच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं. प्रेमानं ओतलेलं चमचाभर पाणी थेट आत जाऊन त्याचा जीव घेऊ शकतं. झाकण उघडून ‘बरा आहे का’ बघण्याचा मोह मुलांना होतो, तसाच फोन हातात घेतलेल्या मोठ्यांनाही.

नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये देशभर बंदी घातली. संक्रांतीला तो तरीही मिळतो. पंखाच्या पुढच्या कडेला खांद्यापासून मनगटापर्यंत कातडीचा पातळ पडदा ताणलेला असतो. भरारीत नेमका तोच मांज्याला भिडतो. कातडी शिवता येते. आतला स्नायुबंध तुटला तर खेळ बहुधा संपतो. मोडलेलं मोठं पीस नखासारखं पुढे वाढत नाही, ते गळून नवं येईपर्यंत थांबावं लागतं. म्हणून जखम भरली की घार सुटली, असं होत नाही. मोठ्या पिंजऱ्यात तिला वळता येतं का, उंची घेता येते का, हे आधी बघतात.

परळच्या ‘बैलघोडा’ हॉस्पिटलात एकोणिसाव्या शतकापासून मुक्या प्राण्यांवर उपचार होत आलेत, तेव्हा या शहराला दया नवी नाही. पण दयेलाही आवडनिवड असते. दिल्लीत नदीम शहजाद आणि मोहम्मद सऊद या भावांनी पोरवयात एक जखमी घार पक्ष्यांच्या रुग्णालयात नेली, तर ती मांस खाते म्हणून तिला घेतलं गेलं नाही. पुढे दोघांनी वझीराबादच्या आपल्या घरातच घारींवर उपचार सुरू केले. 2022 च्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ या माहितीपटात ते काम दिसतं. पोपटाला, मोराला मदतनीस मिळतात. घारीला, कावळ्याला कमी. मला यात क्रौर्यापेक्षा हिशेब जास्त दिसतो. आपल्याला दयेच्या बदल्यात काहीतरी हवं असतं: देखणेपण, पुण्य, निदान एक कृतज्ञ नजर. घार यातलं काहीच देत नाही.

आणि तिनं देऊही नये. माणसाच्या हाताला सोकावलेलं पिल्लू आपल्याला गोड वाटतं, पण भूक लागली की ते माणसाकडेच जाणार आणि कुठल्यातरी गच्चीवर काठी खाणार. म्हणून जाणती माणसं पिल्लाला भरवताना बोलत नाहीत, नाव ठेवत नाहीत. सोडायच्या दिवशीही घारीनं नख्या उगारल्या, तर उपचार नीट झाले असं समजायचं. तिची आपल्याविषयीची भीती शाबूत ठेवून तिला परत करणं, हेच तर पुनर्वसन.

बदल्यात काही मिळणार नाही हे एकदा मनाशी पटलं की पुढचं पाऊलही सोपं होतं. संक्रांतीनंतर सोसायटीच्या गुलमोहरात, केबलच्या तारांत, गच्चीच्या पाइपाला मांज्याची गुंतवळ महिनोन्‌महिने लोंबत राहते. एखाद्या रविवारी बांबूला आकडी बांधून ती काढावी, बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकावी. यात कुठल्याही पक्ष्याची भेट होत नाही, आणि कोण वाचलं हे कधीच कळत नाही. बचावकार्यातलं हे सगळ्यांत चांगलं काम आहे, आणि त्याला माणसं सगळ्यांत कमी मिळतात.