खालच्या पट्टीतला आवाज

फोनवर अनोळखी माणूस मला आजही ‘भाईसाब’ म्हणतो. माझा आवाज लहानपणापासून जाड. सातवीत मिलादच्या जलशासाठी नात पढायला नाव दिलं, तेव्हा आमच्या बाई म्हणाल्या, “बेटा, तू पीछे खडी रह, सिर्फ होंठ हिला.” मी ओठ हलवले.

मागे एका रात्री वह्या तपासताना मोबाइलवर एका जर्मन गायिकेचा आवाज ऐकला आणि लाल पेन हातातच राहिलं. मार्गा ह्योफगेन तिचं नाव. जन्म १९२१ चा, रूर नदीकाठच्या म्युलहाइमचा; मृत्यू १९९५ मध्ये, दक्षिणेकडच्या म्युलहाइममध्ये. नावं जवळपास सारखी, गावं दोन. तिचा आवाज कॉन्ट्राल्टो, म्हणजे बाईच्या आवाजातली सगळ्यात खालची पट्टी. ऑपेरात अशा आवाजाच्या वाट्याला बहुधा आया, म्हाताऱ्या, चेटकिणी येतात. वाग्नरच्या ऑपेरात मार्गा एर्डा झाली, जमिनीतून वर येणारी. पण तिचं नाव झालं ते बाखच्या धार्मिक संगीतामुळे.

मी ऐकलं ते ‘मॅथ्यू पॅशन’मधलं गाणं. योखुमने १९६५ मध्ये आम्सटरडॅमच्या वाद्यवृंदासह त्याचं मुद्रण केलं. हजरत ईसांचा हवारी पीटर कोंबडा आरवायच्या आत तीनदा ‘मी यांना ओळखत नाही’ म्हणतो आणि मग ढसढसा रडतो. क्रूसाची कथा आपल्या अकिद्यात बसत नाही. पण शरमेनं रडणारा माणूस कुठल्या मजहबात नसतो? आधी एकटं व्हायोलिन, मग ती. शब्दांचा अर्थ एवढाच, की रहम कर. रडतो पुरुष आणि रहम मागते बाई. तिचा आवाज मात्र रडका नाही. सज्द्यात कपाळ टेकल्यावर निघावा तसा, जमिनीजवळचा.

नंतर वाचलं, की बाखने हे बाईसाठी लिहिलंच नव्हतं. १७२७ मध्ये लाइपझिगच्या थोमास चर्चमध्ये ते पहिल्यांदा गायलं गेलं, तेव्हा तिथे बायकांना गायची मुभा नव्हती. वरच्या पट्ट्या मुलं नाहीतर तरुण पोरं गात. त्याआधी १७०६ मध्ये आर्नश्टाटला खुद्द बाखला चर्चवाल्यांनी जाब विचारला होता, की एका परक्या मुलीला वर गायला का बोलावलंस? बायका या संगीतात आल्या त्या सभागृहाच्या दारानं. १८२९ मध्ये मेंडेलसोननं बर्लिनमध्ये ‘मॅथ्यू पॅशन’ पुन्हा उभं केलं, तेव्हा गायकवृंदात बायका होत्या. आणि १९५४ मध्ये त्याच थोमास चर्चमध्ये, तिथल्याच मुलांच्या गायकवृंदासोबत, मार्गानं बाखचं ‘जॉन पॅशन’ मुद्रित केलं. मधे सव्वादोनशे वर्षं गेली.

आपल्याकडे बाईचा आवाज पर्द्यातला की नाही, यावर उलेमांत मतभेद आहेत. त्यात पडायची माझी ऐपत नाही. पण जाड आवाज वाईट, हे कुठल्या किताबात लिहिलंय?

यंदा मिलादच्या तालमीत आठवीतली एक मुलगी माझ्यासारखीच निघाली. वरच्या सुरात तिचा आवाज फाटायचा. बाकीच्या तिच्याकडे बघून हसल्या. मी नातची पट्टी दोन सूर खाली आणली. मग बाकीच्यांनाच जड गेलं. दोघी-तिघी कुरकुरल्या. ती पहिल्या रांगेत उभी होती, डोळे मिटून.