तीन टिकल्या

बेंजो म्हटला की आमच्या कळवणात लग्नाची वरात आठवते, नाही तर सप्तशृंगीच्या गडाच्या वाटेवरची चैत्रातली गर्दी. शहरातल्या वाचकांचा गैरसमज नको म्हणून आधीच सांगून टाकतो : अमेरिकेतला तो गोल, डफासारखा बँजो निराळा. आमचा बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. लांबट लाकडी खोके, त्यावर तारा आणि टाइपरायटरला असावी तशी बटनांची रांग. मूळचा हा जपानी. १९१२ साली नागोया शहरी गोरो मोरिता या गृहस्थांनी तो ‘ताइशोगोतो’ या नावाने बनविला. पुढे तो हिंदुस्थानात आला, आणि आपल्याकडच्या पार्टीवाल्यांनी त्याला विजेची जोड देऊन असा काही आपलासा केला की, २०१६ साली रवी जाधवांनी त्याच्या नावाने एक हिंदी चित्रपटच काढला.

आमचे दादा हा बेंजो चाळीस वर्षे वाजवीत. दिवसा कांद्याच्या आडतीवर हिशेब आणि रात्री वरात, असा त्यांचा संसार. वाजवताना त्यांच्या पायाशी पत्र्याची एक लहानशी पेटी असे. गिटारवाले जिला ‘पेडल’ म्हणतात ती. बेंजोची वायर या पेटीत जाई आणि पेटीतून पुढे कर्ण्याकडे. तिच्यातून गेलेला स्वर भरदार होई आणि त्याच्या पाठोपाठ एक बारीकसा पडसाद येई, गडाच्या कड्यावरून हाक परत यावी तसा. पेटीला तीन नॉब होते. ते कुणी चुकून फिरवले तर पंचाईत नको म्हणून दादांनी वहिनींच्या पाकिटातल्या तीन लाल टिकल्या नॉबांच्या कडेला चिकटवून ठेवल्या होत्या. नॉबावरची रेघ टिकलीला भिडली की दादांचा आवाज लागला.

पुतण्या पुण्याला ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात आहे. गेल्या खेपेच्या आदल्या दिवाळीत त्याने ओटीवर बसवून दादांच्या आठ चाली मुद्रित केल्या. पण पेटी मध्ये न घालता, बेंजो थेट यंत्राला जोडून. हल्ली अशीच रीत आहे म्हणे. मूळ स्वर कोरा घ्यायचा, साजशृंगार मागाहून चढवायचा. दादा कुरकुरले, “अरे, ही कालवणाशिवाय भाकर झाली.” पुतण्या म्हणाला, “बाबा, इफेक्ट नंतर लावू.”

त्या ‘नंतर’च्या आत, ज्येष्ठात, दादा गेले.

यंदा वर्षश्राद्धाला पार्टीतली जुनी मंडळी जमणार, त्यांना त्या आठ चाली ऐकवाव्यात असे ठरले. पुतण्या चार दिवस आधी येऊन मिक्सिंगला बसला. संगणकात तयार पडसाद शेकड्यांनी असतात. त्याने एकामागून एक लावून पाहिले. मला तर सगळेच गोड वाटले. वहिनी मात्र दारात उभ्या राहून ऐकत होत्या. शेवटी आपल्या अहिराणीत एवढेच म्हणाल्या, “हाऊ आवाज त्यास्ना नही शे.”

मग माळ्यावरून पेटी उतरविली. टिकल्या जागच्या जागी होत्या. पुतण्याने यंत्रातून निघणारी वायर पेटीत घातली, पेटीतली परत यंत्रात आणली, आणि पहिली चाल सोडली. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज! वहिनी म्हणाल्या, “इतके चिडून ते जन्मात कधी बोलले नाहीत,” आणि आत निघून गेल्या.

पुतण्याला घाई झाली होती, म्हणून त्याला न सुचलेले मला सुचले इतकेच. माझे आयुष्य टेलिफोन खात्यात गेले, आणि डेसिबल हे मापच मुळी टेलिफोनवाल्यांचे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या लोकांनी तारेवर आवाज किती झिजतो हे मोजण्यासाठी ते काढले. ६०० ओहमच्या जोडणीत १ मिलिवॅट शक्ती जायची तर ०.७७५ व्होल्ट दाब लागतो. स्टुडिओवाले आजही तेथूनच मोजतात. त्यांची ‘लाइन लेव्हल’ त्याच्या ४ डेसिबल वर, म्हणजे १.२३ व्होल्ट. उलट बेंजोच्या तारेखालचे वेटोळे देणार व्होल्टाच्या दशांशाच्या आसपास. दादांची पेटी जन्मभर हे कुजबुजणेच ऐकत आलेली! त्यात तिचा सारा जीव ९ व्होल्टांच्या एका बॅटरीएवढा. स्वराची लाट साडेचार व्होल्ट वर आणि साडेचार खाली, याहून अधिक हलायला तिला जागाच नाही. पुतण्याचे यंत्र मात्र भरात आले की क्षणभर साडेआठ व्होल्टांच्याही वर उसळी घेणारे. लाटेचा माथा पेटीत मावत नाही, तो सपाट कापला जातो, आणि आपण म्हणतो आवाज फाटला.

गंमत अशी की, या फाटण्यावरही जगात प्रेम करणारे आहेत. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या वेळी मिक्सरमधला एक ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि त्यातून गेलेला बासचा तुकडा घोगरा फाटका निघाला. १९६१ साली गाणे गाजले, तो आवाज लोकांना भावला, आणि ग्लेन स्नॉडी या तिथल्या तंत्रज्ञाने तोच बिघाड मुद्दाम घडविणारी पेटी रचली. १९६२ साली ती ‘फझ-टोन’ नावाने बाजारात आली. तेव्हा फाटणे हा काही गुन्हा नव्हे. पण दादा फाटून वाजवीत नसत.

पुतण्याने यंत्रातून जाणारा आवाज २० डेसिबलने उतरविला. तडतड थांबली, तिच्या जागी घरघर ऐकू येऊ लागली. ही आपल्या ५० सायकलच्या विजेची. संगणक एका प्लगवर, पेटीचा अडॅप्टर दुसऱ्यावर, आणि दोहोंच्या अर्थिंगमधून एक वळसा तयार झालेला. पेटी बॅटरीवर घेतली तेव्हा घरघर गेली, तरी संगणकाची बारीक शीळ उरलीच. ती घालवायची तर दोन यंत्रांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर हवा, म्हणजे स्वर पलीकडे जातो पण तारेला तार लागत नाही. मोठ्या स्टुडिओत यासाठी ‘रीअँप’ नावाचे खास खोके असते. कळवणात ते कोठून आणणार? पण आमच्या मांडववाल्याकडे डी. आय. बॉक्स होता. कीबोर्डचा स्वर मिक्सरला देताना तो वापरतात. तोच उलटा जोडला की काम होते. एवढेच विसरायचे नाही की, सुलट असताना तो स्वर दहा-बारा पटींनी उतरवितो, तेव्हा उलटा लावला की तितकाच चढवितो. आम्ही हटकून विसरलो. शेजारचे कुत्रे भुंकू लागले तेव्हा आठवले.

(ओहमांच्या अंतराचे लोक फार अवडंबर करतात. पेटीचे दार १० लाख ओहमांचे, स्टुडिओच्या यंत्राचे १० हजारांचे, हे खरे. बेंजो थेट स्टुडिओच्या लाइनमध्ये लावला तर तो मेंगळट होतो हेही खरे. पण पेटी मध्ये असली की परतीच्या वाटेवर बहुधा काही बिघडत नाही.)

आता नेमके किती उतरवायचे? कानाने म्हणावे तर दादांचा आवाज आम्हा दोघांच्या कानात दोन प्रकारचा. टिकल्यांच्या खुणा खऱ्या ठरायच्या तर पेटीला बेंजो जेवढे देत असे तेवढेच मिळायला हवे. पुतण्याला युक्ती सुचली. बेंजो घरातच होता. तो पेटीला जोडून कुणी तरी तार छेडायची आणि यंत्रावर परत येणारा आकडा टिपायचा. मी छेडली. वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “भावजी, इतकं भीत भीत नाही वाजवायचे ते.” पदराला हात पुसत बाहेर आल्या, दादांच्या पाकिटातला प्लॅस्टिकचा तुकडा घेतला आणि मोकळ्या तारेवर तीन टोले मारले. त्यांना बेंजो वाजविताना मी कधी पाहिले नव्हते. पण प्रत्येक चालीआधी दादा असेच तीन टोले मारीत, आणि मुद्रणातही ते आले होते. पुतण्याने वहिनींचे तीन आणि दादांचे तीन, दोन्हींचा आकडा एक होईपर्यंत हळूहळू पातळी जुळवली. पेटीतून फिरून यायला स्वराला जो किंचित उशीर होई, तेवढा त्याने मागे सरकविला.

मग आठही चाली ओळीने ऐकल्या. पडसाद आला तेव्हा वहिनींनी काही म्हटले नाही, नुसत्या खाली बसल्या. सहाव्या चालीत वळणावर एक स्वर उशिरा पडतो. पुतण्याचा हात ती जागा नीट करायला पुढे गेला. “राहू दे,” वहिनी म्हणाल्या, “तिथं ते नेहमीच चुकत.”

श्राद्धाच्या दिवशी जेवणे आटोपल्यावर चाली लावल्या. पार्टीतले जुने ढोलकीवाले भिंतीला टेकून, डोळे मिटून मांडीवर ठेका धरीत होते. सहाव्या चालीतले ते वळण आले, आणि डोळे न उघडता त्यांनी मांडीवर एक मात्रा जास्त मारली.